मध्य प्रदेश सीमेलगतच्या शाळा (सावनेर, नरखेड, पारशिवनी, रामटेक): नव्या शिक्षकाची तयारी कशी हवी?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ८:४०

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करून नव्याने रुजू होणाऱ्यांपैकी काही जणांना आपल्या नागपूर जिल्ह्याच्या अगदी काठावरच्या शाळा मिळतात. पदविकेत बहुवर्ग अध्यापन शिकवतात, मातृभाषेचं महत्त्वही शिकवतात. पण वर्गातली सहा मुलं परवापर्यंत दुसऱ्या राज्याची पुस्तकं वाचत होती, त्यांचं उद्या सकाळी काय करायचं, हे कुठेच सांगत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी, बाहेरच्या वाचकांसाठी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा या पट्ट्यात घरची बोली आजही मराठी आहे, शाळा मात्र हिंदी. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. म्हणजे एकाच नात्यागोत्यातली मुलं दोन शिक्षण खात्यांत विभागली गेली आहेत. त्यात भर म्हणून सिवनी, बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडकडून वीटभट्टी, संत्रा, कापूस अशा कामांना येणारी कुटुंबं. त्यांची मुलं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि पावसाळ्याआधी जातात.

चार प्रश्न मांडतो: दाखला आणि पटाचं काय, भाषेचं काय, गणिताचं काय, आणि दोन्हीकडच्या पात्रता परीक्षांचं काय. कृपया कलम, आकडे आणि पायऱ्यांसकट लिहा. 'समन्वय हवा' एवढंच लिहिलं तर नव्या शिक्षकाच्या हाती काही लागत नाही.

केंद्रशाळा | सोमवार, रात्री ९:२५

दाखल्यापासून सुरू करतो, कारण मूल फाटकापाशी अडतं ते इथेच.

पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदा २००९ पुरेसा स्पष्ट आहे. कलम ५ नुसार मुलाला राज्याबाहेरच्या शाळेतही बदली घेण्याचा हक्क आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. कलम ४ नुसार मूल वयानुरूप वर्गात बसतं, मागे असेल तर त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं. या तीन कलमांची प्रत कार्यालयाच्या फाइलीत पहिल्याच पानावर लावून ठेवा. 'आधी दाखला आणा, मग बघू' असं पालकाला सांगितलं की तो मजूर माणूस दिवसाची मजुरी बुडवून गावी जात नाही, मूल भट्टीवरच राहतं.

पहिल्या दिवशी करायचं ते असं. मुलाला वर्गात बसवा, त्या दिवसापासून हजेरी लावा, शालेय पोषण आहारात मोजा. जनरल रजिस्टरला नोंद घ्या. जुन्या शाळेचं नाव, गाव, विकासखंड आणि जिल्हा पालकाकडून तोंडी विचारून लिहून ठेवा. तिकडे तालुक्याच्या जागी विकासखंड धरतात, हे माहीत नसेल तर पत्र भलतीकडे जातं. मग जुन्या शाळेच्या युडायस क्रमांकावरून (शाळेचा देशपातळीवरचा संकेतांक) पेन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, मागवा. पेन आणि जन्मतारीख जुळली की युडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या केंद्रीय पोर्टलवर मूल आपल्या शाळेत आयात करता येतं. त्यासाठी जुन्या शाळेने त्याला आपल्या यादीतून सोडून ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकलेलं असावं लागतं. नेमकं इथे अडतं: तिकडच्या शाळेच्या लेखी मूल अजून हजरच असतं. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, मुलाचा पेन, इकडच्या प्रवेशाची तारीख आणि इकडच्या शाळेचा युडायस क्रमांक, एवढं त्यांच्याकडे पोचलं की त्यांनाही मूल मोकळं करायला आधार मिळतो.

घाईत नवीन नोंद तयार करू नका. एका मुलाचे दोन पेन झाले की पुढे अपार क्रमांकाच्या (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींचा देशभर एकच क्रमांक) वेळी ते निस्तरणं फार जड जातं.

संत्र्याची_फोड | सोमवार, रात्री ९:५०

केंद्रशाळा सर, नावाचा घोळही लिहा ना. त्यावरच सर्वात जास्त आधार अवैध होतात.

केंद्रशाळा | सोमवार, रात्री १०:१५

बरोबर आहे ताई, ते राहिलंच.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं लिहायची सवय आहे. मध्य प्रदेशात बहुतेक वेळा नाव आणि आडनाव एवढंच, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर 'राहुल उईके' असतं आणि आपण रजिस्टरला सवयीने 'राहुल रमेश उईके' लिहितो. मग आधार पडताळणीत नाव जुळत नाही. नियम एकच ठेवा: आधारवर आहे तसंच, त्याच अक्षरांत. तिकडची कागदपत्रं पाहताना 'समग्र आयडी' हा शब्द येईल. तो मध्य प्रदेश शासनाचा क्रमांक आहे, कुटुंबाचा आठ अंकी आणि सदस्याचा नऊ अंकी. आपल्या कोणत्याही पोर्टलला तो लागत नाही, पण उतरवून ठेवा. मूल परत जाईल तेव्हा तिकडच्या शाळेला सगळ्यात आधी तोच लागतो.

संचमान्यतेचं, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या मान्यतेचं, गणितही नव्या शिक्षकाला कळायला हवं. ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्या पटात आधार वैध असलेली मुलंच धरली जातात. भट्टीची मुलं येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे मुलं येतात, शिक्षक वाढत नाही. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. सप्टेंबरात ५४ पट असलेल्या शाळेत डिसेंबरात ७० मुलं बसलेली असतात आणि शिक्षक दोनच राहतात. ही मान्यतेच्या तारखेची अडचण आहे. त्यासाठी दर महिन्याच्या शेवटी हंगामी मुलांची वेगळी यादी (नाव, वय, आल्याची तारीख, कुठून, कोणत्या वर्गात) केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवत राहा. तोंडी सांगितलेल्या मुलांसाठी कुणालाही तात्पुरता शिक्षक मागता येत नाही.

नववीपासून मात्र हा कायदा लागू नाही. तिथे मूळ दाखला आणि त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. आठवी संपत आलेल्या मुलाच्या पालकाला हे मार्चमध्येच सांगून ठेवा.

जामकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

भाषेबद्दल लिहितो. सीमेवरची खरी फसगत इथे आहे: दोन्ही भाषांची लिपी एक. तेलंगणातून आलेलं मूल वर्गात बसलं तर शिक्षक पहिल्या मिनिटाला सावध होतो, कारण पाटीवरचं त्याला दिसतं पण वाचता येत नाही. सिवनीचं मूल मात्र आपलं पुस्तक घडाघडा वाचतं. शिक्षकाला वाटतं, याला येतंय. अर्थ विचारला की मूल गप्प. मग निष्कर्ष निघतो 'मूल कच्चं आहे', आणि चौथीचं मूल पहिलीच्या मुळाक्षरांना बसवलं जातं. पंधरा दिवसांत ते शाळा सोडतं, कारण अक्षरं त्याला तीन वर्षांपूर्वीच आलेली असतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाची दोन भाषांत तपासणी करा. वेळ लागतो मुलामागे दहा मिनिटं. मूल ज्या वर्गात बसणार त्याच्या एक इयत्ता खालचा साठेक शब्दांचा हिंदी उतारा द्या, एक मिनिट वाचू द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, चार सोपे प्रश्न हिंदीतून विचारा. मग तेवढाच मराठी उतारा, आणि प्रश्न पुन्हा चार. मुलाने उत्तर कोणत्याही भाषेत दिलं तरी चालेल. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित मोहिमेचं तिसरीचं उद्दिष्ट मिनिटाला किमान ६० शब्द, समजून वाचणं, हे आहे. तेच माप धरा.

हिंदी चांगलं आणि मराठीत अर्थ लागत नाही, तर त्या मुलाला फक्त भाषेचा पूल हवा, इयत्ता खाली नेऊ नका. हिंदीही अडखळत असेल तर पायाभूत वाचनाचं काम करायचं, आणि ते सुरुवातीला हिंदीतूनच, कारण त्याला जे शब्द बोलता येतात तेच तो वाचायला शिकू शकतो. तिसरा प्रकार सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांचा: मराठी बोलतात सुरेख, वाचतात हिंदी. त्यांना मराठी वाचायला महिनाही लागत नाही. शुद्धलेखन मात्र वर्षभर पिच्छा सोडत नाही.

जामकाठ | मंगळवार, सकाळी ७:४०

वही समोर ठेवून सांगतो, म्हणजे नेमकं काय होतं ते दिसेल.

चौथीच्या मुलाने लिहिलं: 'झाडाचे मूल जमिनीत असते.' शिक्षक लाल खूण करतो आणि पुढे जातो. मुलाची चूक 'ळ' ची आहे. प्रमाण हिंदीत हे अक्षरच नाही, म्हणून 'मूळ' चं 'मूल' झालं आणि वाक्याचा अर्थच पालटला. काळ-काल, माळ-माल, नळ-नल अशा जोड्या फळ्यावर लिहून, चित्रं काढून, रोज पाच मिनिटं ऐकवायच्या. आधी ऐकून ओळखणं, मग म्हणणं, शेवटी लिहिणं. उलट क्रमाने गेलं की मूल जिथे तिथे ळ घालायला लागतं, अगदी 'शाळेळा' सुद्धा.

सौंसरकडच्या मुलाचा गुंता आणखी वेगळा. घरी ते 'डोया', 'काया', 'केयं' म्हणतं, कारण आपल्या बोलीत ळ चा य होतो. शाळेत हिंदीत 'काला' शिकलं. आता मराठी पुस्तक 'काळा' म्हणतंय. एका ध्वनीची तीन रूपं. 'डोया म्हणू नको, चुकीचं आहे' असं सांगितलं तर ते मूल बोलणंच बंद करतं. 'घरी डोया, पुस्तकात डोळा' अशी दोन रकान्यांची यादी मुलांकडूनच करून घेतली की काम सोपं होतं. आणि ती यादी आपल्या नरखेड-काटोलच्या मुलांनाही तेवढीच उपयोगी पडते.

ऱ्हस्व-दीर्घही बघा. हिंदीत कवि, गति, शक्ति, गुरु. मराठीत कवी, गती, शक्ती, गुरू, शेवटचा इ-उ दीर्घ. मुलाने 'शक्ति' लिहिलं तर ते निष्काळजीपणे लिहिलेलं नसतं, तिकडे ते बरोबर होतं. नियम एकदा सांगा, दोन महिने गुण कापू नका.

सगळ्यात चिवट चूक सामान्यरूपाची. हिंदीत विभक्तीचे प्रत्यय सुटे: घर में, राम ने. मराठीत शब्द आधी वाकतो, मग प्रत्यय जोडून येतो: घर, घरा, घरात, घोडा, घोड्या, घोड्यावर. मूल लिहितं 'घोडा वर बसला', 'घर मध्ये आहे'. नियमाचा तक्ता पाठ करून हे सुटत नाही. वर्गातल्या वस्तू वापरा: डबा, डब्यात, फळा, फळ्यावर, दार, दाराला, खिडकी, खिडकीतून. रोज दहा वाक्यं तोंडी. लिंगाचंही तसंच. हिंदीत दोन, मराठीत तीन. 'पुस्तक' तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून मूल 'ती पुस्तक' म्हणणारच.

च-ज-झ चे दोन उच्चार (चारा आणि चार, माझा आणि माझी) पहिल्या दोन महिन्यांत दुरुस्तच करू नका. अर्थ अडत नाही, आणि वर्ग हसला की मूल मोठ्याने वाचायचं थांबतं.

संत्र्याची_फोड | मंगळवार, सकाळी ८:३०

जामकाठ दादा, फसव्या शब्दांची यादीही टाका. शिक्षा (तिकडे शिक्षण), चेष्टा (तिकडे प्रयत्न), पीठ (तिकडे पाठ, शरीराची), खाली (तिकडे रिकामं), साल (तिकडे वर्ष), राग (तिकडे फक्त गाण्यातला), आई (तिकडे 'आली'). 'बाटली खाली ठेव' म्हटल्यावर मूल बाटली रिकामी करायला जातं, आणि त्यावर त्याला रागावलं जातं. शिक्षकाने ही यादी टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

शेकडा_दशक_एकक | मंगळवार, दुपारी १:१०

गणिताकडे कुणी वळत नाही, कारण 'गणिताला भाषा नसते' असा समज आहे. सीमेवरच्या वर्गात तो पहिल्याच तासाला खोटा ठरतो.

अंकांपासून बघा. आपली मराठी माध्यमाची प्राथमिकची पुस्तकं देवनागरी अंकांत, तिकडची आंतरराष्ट्रीय अंकांत. मुलाला १ आणि 1 दोन्ही दिसलेले असतात, पण ५, ८, ९ लिहिताना हात अडतो. पहिले पंधरा दिवस फळ्यावर दोन्ही अंक एकाखाली एक लिहा आणि वहीत मुलाला कुठलेही वापरू द्या.

मग संख्यांची नावं. 'एकोणतीस' म्हटलं की हिंदी मूल ३१ लिहितं. त्याच्या कानाला सुरुवातीला 'एक' आणि शेवटी 'तीस' ऐकू आलं. त्याच्या भाषेत २९ म्हणजे उनतीस. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी अशी सगळी शिडी वेगळी शिकवावी लागते: 'तीसला एक उणा'. हे न शिकवता शंभरपर्यंत श्रुतलेखन घेतलं, तर चुका बरोबर नवावर संपणाऱ्या संख्यांवर येतात, आणि शिक्षक समजतो की स्थानिक किंमत कळलेली नाही. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी अंक दाखवून वाचायला सांगा. दाखवल्यावर 'उनतीस' म्हटलं तर स्थानिक किंमत येते, मराठी नाव तेवढं शिकवायचं आहे.

आता संज्ञा. बेरीज म्हणजे जोड, वजाबाकी म्हणजे घटाव, हातचा म्हणजे हासिल, अपूर्णांक म्हणजे भिन्न, दशक म्हणजे दहाई, एकक म्हणजे इकाई, काटकोन म्हणजे समकोण, परिमिती म्हणजे परिमाप, नफा-तोटा म्हणजे लाभ-हानि, दीड म्हणजे डेढ़, अडीच म्हणजे ढाई. सर्वात घातक शब्द 'वर्ग'. हिंदीत वर्ग म्हणजे चौरस आकृतीसुद्धा. सातवीत प्रश्न आला '५ चा वर्ग काढा', तर मूल पट्टी घेऊन पाच सेंटिमीटर बाजूचा चौरस काढतं. त्याच्या परीने ते अगदी बरोबर आहे, कारण मराठीत 'काढा' म्हणजे चित्रही काढा. अशा उत्तराला शून्य देण्याआधी मुलाला तोंडी विचारा: पाच गुणिले पाच किती?

आता एक सोपं साधन, जे फार थोडे वापरतात. बालभारतीची पुस्तकं आठ माध्यमांत निघतात आणि हिंदी माध्यम त्यात आहे. गणित आणि परिसर अभ्यासाचं हिंदी माध्यमाचं पुस्तक म्हणजे आपल्याच पुस्तकाचं भाषांतर: तोच धडा, तोच क्रम, तीच उदाहरणं. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट मिळते. त्या इयत्तेची एक छापील प्रत वर्गात ठेवा. मूल मराठी पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण वाचतं, अडलं की हिंदी प्रतीत तेच उदाहरण बघतं. शिक्षकाला स्वतः भाषांतर करत बसावं लागत नाही, आणि मुलाचं गणित भाषेसाठी थांबत नाही.

पेंचकडे | मंगळवार, सायंकाळी ६:२०

हे सगळं मराठी-हिंदीचं झालं. देवलापार, पारशिवनी, पेंचच्या दोन्ही अंगांना गोंडी बोलणारी घरं आहेत, त्यांना विसरू नका. गोंडी द्राविडी कुळातली. त्या मुलाला मराठी आणि हिंदी दोन्ही सारख्याच परक्या. त्याच्यासाठी 'हिंदीतून समजावून सांगितलं' याला काही अर्थ नाही.

पहिलीच्या शिक्षकाने निदान शंभर गोंडी शब्द लिहून घ्यावेत: पाणी (येर), घरातली माणसं, जनावरं, खाणं, शरीर, भूक-तहान-दुखणं आणि एक ते दहा (उंदी, रंड, मूंड असे). अंगणवाडी ताई, मदतनीस, स्वयंपाक करणाऱ्या बाई आणि पाचवी-सहावीची मुलं यांच्याकडून दोन दिवसांत यादी होते. गावागणिक उच्चार बदलतो, म्हणून शेजारच्या गावची यादी तशीच उचलू नका. चित्रगप्पा आधी गोंडीत होऊ द्या, मग तीच वाक्यं मराठीत. पहिले तीन महिने मुलाने गोंडीत उत्तर दिलं आणि आपल्याला कळलं तर ते उत्तर बरोबर धरा.

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ९:००

शहरात आणि कामठीकडे हिंदी माध्यमाच्या शाळा आहेत. मुलांना तिकडे पाठवणं जास्त न्याय्य नाही का? कायदाही कलम २९ मध्ये शक्य तितकं मातृभाषेतून म्हणतो.

केंद्रशाळा | मंगळवार, रात्री ९:४५

सर, शहरातल्या कुटुंबासाठी जरूर. पण प्राथमिकला एक किलोमीटर, उच्च प्राथमिकला तीन किलोमीटर हे शेजारच्या शाळेचं माप आहे. सावनेर किंवा मौद्याच्या भट्टीवरून सहा वर्षांचं मूल कामठीला जाणार नाही. जवळच्या मराठी शाळेत त्याला नीट बसवणं हाच व्यवहार्य मार्ग. भट्टी शहराच्या हद्दीलगत असेल तेवढ्यापुरतं महापालिकेच्या हिंदी शाळेचं अंतर आधी मोजा.

जामकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. मातृभाषेचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी मुलं हिंदीतून शिकतात याबद्दल इकडे कुणी बोलत नाही. राज्य पुनर्रचनेबरोबरच १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत अनुच्छेद ३५०क आला: भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय. त्याआधी, ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत माप ठरलं होतं: शाळेत अशी ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. हे माप पांढुर्ण्याच्या मराठीलाही लागतं आणि नागपूरच्या हिंदीलाही. मागणी करताना पालकांनी मुलांची यादी, मातृभाषेच्या घोषणेसह, लेखी द्यावी. नुसत्या निवेदनाने पट सिद्ध होत नाही.

नवी_शिक्षिका | बुधवार, सकाळी ६:५०

सर्वांचे आभार. दोन शंका. एक: दोन्ही राज्यांचं सत्र वेगळं असतं, तर मूल नेमकं कुठे तुटतं? दोन: सीमेपलीकडे डी.एल.एड. केलेल्यांना इकडे अर्ज करता येतो का?

संत्र्याची_फोड | बुधवार, सकाळी ८:१५

पहिलं मी सांगते. मध्य प्रदेशात नवं सत्र १ एप्रिलला सुरू होतं, एप्रिलभर नव्या इयत्तेचा अभ्यास होतो, मग उन्हाळी सुटी. आपल्याकडे एप्रिलमध्ये जुन्या इयत्तेच्या परीक्षा चालतात आणि विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, राज्याच्या इतर भागांनंतर. म्हणून मार्चअखेर गावी परतणाऱ्या मुलाची इकडची वार्षिक परीक्षा हुकते आणि तिकडे पुढच्या वर्गाची हजेरी सुरू झालेली असते. त्याला जाण्याआधी, मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, संकलित मूल्यमापनाची तोंडी-लेखी नोंद करून द्या. त्यासोबत शिक्षण हमी पत्रक भरून पालकाच्या हातात द्या: मुलाची इयत्ता, हजेरी, काय येतं आणि काय राहिलं. तिकडचे शिक्षक वाचणार आहेत, तर शेरा हिंदीतही लिहा.

पाचवी आणि आठवीचं मूल असेल तर जास्त जपा. तिथे या दोन इयत्तांची परीक्षा राज्य शिक्षा केंद्रामार्फत बोर्डाच्या पद्धतीने होते. आपल्याकडेही या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी लागते. हंगामी कुटुंबाला ती तारीख कळत नाही, म्हणून पालकाचा फोन नंबर आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचाही नंबर प्रवेशाच्या दिवशीच घ्या. भट्टी बदलली की पालकाचं सिम बदलतं, गावाकडचा नंबर टिकतो.

केंद्रशाळा | बुधवार, दुपारी १२:३०

दुसऱ्या शंकेचं उत्तर.

डी.एल.एड. एनसीटीई-मान्य (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) संस्थेचं असेल तर राज्य कोणतंही असो, पदविका म्हणून चालते. पहिली ते पाचवीसाठी हीच पदविका लागते. बी.एड. त्या टप्प्याला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला स्पष्ट केलं. त्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दोन्ही राज्यांत ढाचा एकच: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, खुल्या गटाला ९० गुण लागतात. पेपर एक मध्ये बालविकास, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. प्रमाणपत्र आता कायमचं वैध असतं. महाराष्ट्रात परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, मध्य प्रदेशात भोपाळचं कर्मचारी निवड मंडळ. सीमेवरच्या उमेदवाराने सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. त्यात पहिली भाषा मराठी आणि दुसरी हिंदी अशी जोडी घेता येते, आणि पवित्र या महाराष्ट्राच्या शिक्षकभरती पोर्टलवरच्या भरतीत ती ग्राह्य धरतात. मध्य प्रदेशच्या भरतीसाठी मात्र तिथली पात्रता परीक्षा वेगळी द्यायची.

त्यानंतर आपल्याकडे २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग पवित्रवर प्राधान्यक्रम. निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६,००० रुपये. घरभाडं आणि रोजचा सीमेपारचा प्रवास याच रकमेतून करावा लागतो, हे आधी मोजून बघा.

दोन ठिकाणी लोक फसतात. मराठी माध्यमाच्या पदाला उमेदवाराचं शिक्षणाचं माध्यम बघतात. घरी मराठी बोलतो पण दहावी-बारावी आणि पदविका हिंदीतून, तर हिंदी माध्यमाच्या जागा शोधाव्या लागतात. आणि जातप्रमाणपत्र: मूळ राज्याचं आरक्षण दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची १९९० पासूनची भूमिका आहे. गोंड दोन्हीकडे अनुसूचित जमातीत आहेत, तरी छिंदवाड्याचं प्रमाणपत्र नागपूरच्या भरतीत चालणार नाही. अर्ज खुल्यातून करावा लागतो. वयोमर्यादा आणि गुणांची सवलतही मग जाते. अर्ज भरताना आरक्षित गट निवडला आणि कागद तपासणीत बाद झाला, असं होऊ देऊ नका.

सेवेतल्या शिक्षकांसाठीही एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांहून कमी उरली असेल तर नोकरी राहते, पदोन्नतीला मात्र टीईटी लागते. काठावरच्या दोनशिक्षकी शाळेत दोघंही अभ्यासाला बसले तर वर्ग उघडे पडतात, म्हणून रजा आधीच ठरवून आळीपाळीने घ्या.

शेकडा_दशक_एकक | बुधवार, रात्री ८:५५

प्रशिक्षणाबद्दल एक सूचना, डायटमधलं (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) कुणी वाचत असेल तर. आंतरवासितेतले किमान दहा दिवस सीमेलगतच्या शाळेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पाठवलेल्या छात्राध्यापकाला हंगामी मुलं भेटतच नाहीत. त्या दहा दिवसांत प्रत्येकाने तीन मुलांची द्विभाषिक वाचन तपासणी, एका मुलाच्या वहीतल्या चुकांचं वर्गीकरण (भाषेची की संकल्पनेची) आणि हिंदी प्रतीचा आधार घेऊन दोन गणित पाठ, एवढं करावं. पाठ टाचण छान दिसावं म्हणून बनवलेली रंगीत साधनं इथे लागत नाहीत.

बहुवर्गात बसवायचं कसं, तेही लिहितो. दोन शिक्षक, पाच वर्ग: एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. भाषेचा पूल रोज ४० मिनिटं, तीस कामाचे दिवस, परिपाठानंतर लगेच, तिन्ही वर्गांची नवी मुलं एकत्र. त्या वेळात बाकीचे सरावाचं काम करतात. पूल गणिताच्या तासाला घेऊ नका, नाहीतर भाषा सुधारते आणि गणितात नवा खड्डा पडतो. नव्या मुलांची वेगळी रांगही नको. एक हिंदी मूल आणि एक मराठी मूल अशी जोडी बसवा, आठवड्याने जोडी बदला.

नवी_शिक्षिका | बुधवार, रात्री ९:३०

तीस दिवस झाल्यावर पूल पुरला की नाही हे कशावरून ठरवायचं?

जामकाठ | बुधवार, रात्री १०:०५

ताई, पहिल्या आठवड्यात घेतला तेवढ्याच अवघडपणाचा, पण नवीन मराठी उतारा घ्या. चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं आली, मग ती हिंदीत का असेनात, की मूल मूळ वर्गात पूर्ण वेळ बसू शकतं. लिहिण्यातल्या चुका तेव्हाही भरपूर असतील, त्यासाठी थांबवू नका. दोनच उत्तरं आली तर आणखी पंधरा दिवस. एकही आलं नाही तर हिंदी उतारा पुन्हा वाचून घ्या. बहुतेक वेळा पहिल्या तपासणीत हिंदीही पाठांतराने वाचलेलं असतं आणि ते तेव्हा लक्षात आलेलं नसतं. आणि दिवस मोजताना मुलाच्या हजेरीचे मोजा, कॅलेंडरचे नाही. बाजाराच्या दिवशी आणि भट्टीवर हिशेबाच्या दिवशी ही मुलं येत नाहीत, लहान भावंडं सांभाळायला थांबतात. तो वार कोणता ते विचारून घ्या आणि त्या दिवशी नवीन काही शिकवू नका.